कर्णविकार व बहिरेपणा : रुग्णपरिचर्येचा इतिहास (भंडारा जिल्हा)

कान वाहणे, कानात मळ किंवा परवस्तू अडकणे, कर्णपटलास छिद्र पडणे, श्रवणशक्ती कमी होणे इ. विकारांत कानाची स्वच्छता, औषधयोजना, शस्त्रक्रियेनंतरची देखभाल आणि रुग्णाशी संभाषण साधणे या कार्यास कर्णपरिचर्या म्हणता येईल. भंडारा जिल्ह्यात या परिचर्येचे स्वरूप तेथील तलाव, भातशेती व धातुकाम यांच्याशी निगडित आहे. येथील बहिरेपणाची अनेक कारणे टाळता येण्याजोगी आहेत आणि ती टाळण्याचे काम शल्यचिकित्सकापेक्षा परिचारिकेच्याच हाती अधिक असते.

कर्णपरिचर्येची परंपरा भारतात जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात अठ्ठावीस कर्णरोग सांगितले असून कर्णस्रावावरील उपायांत धूपन व पूरण यांबरोबर प्रमार्जन, म्हणजे कान पुसून स्वच्छ करणे, याचाही उल्लेख आहे. वाहत्या कानावरील आधुनिक उपचारांतही पहिली पायरी तीच आहे.

मुंबईत जमशेटजी जीजीभाई रुग्णालयात परिचारिकांचे शिक्षण १८८६ मध्ये सुरू झाले. भंडारा येथे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशन १८८२ मध्ये स्थापन झाले व त्याने पुढे रुग्णालयही चालविले. त्याच मिशनचे स्त्रियांसाठीचे म्यूर स्मारक रुग्णालय नागपुरात १८९६ मध्ये उघडण्यात आले. त्या काळी या मुलखात हिवतापाचे प्राबल्य होते व त्यावर क्विनाइन दिले जाई. क्विनाइनाने कानांत आवाज येतो व काही काळ कमी ऐकू येते. १९४३ मध्ये शोध लागलेले स्ट्रेप्टोमायसीन हे क्षयावरील औषध मात्र अंतर्कर्णास कायमची इजा करू शकते. अशा रुग्णास दर अंतःक्षेपणापूर्वी ‘कानांत आवाज येतो का, चक्कर येते का’ असे विचारून होकारार्थी उत्तर वैद्यास तत्काळ कळविणे, हे परिचारिकेचे कर्तव्य ठरले.

जिल्ह्यात कोहळी समाजाने बांधलेले अनेक जुने तलाव आहेत. तलावात पोहणे वा बुडी मारणे निरोगी कानास सहसा बाधत नाही. परंतु कर्णपटलास छिद्र असल्यास पाणी मध्यकर्णात शिरून पू वाहू लागतो. पावसाळ्यातील दमट हवेत बाह्यकर्णात बुरशीही वाढते. अशा वेळी कानात तेल ओतण्याचा घरगुती उपाय अपायकारक होय. स्वच्छ शोषक कापडाची किंवा कापसाची वात कानात ठेवून ती भिजताच बदलावी व कान कोरडा होईपर्यंत हे दिवसातून अनेकदा करावे, अशी रीत परिचारिका मातेस शिकवते. केवळ कोरडे पुसण्याने मात्र जुना स्राव बहुधा थांबत नाही. म्हणून त्यानंतर वैद्याने सांगितलेले प्रतिजैविक थेंब घालतात. कानामागे सूज, चेहरा वाकडा होणे किंवा ताप, तीव्र डोकेदुखी व वांत्या ही लक्षणे दिसल्यास रुग्णास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे लागते.

धानाच्या या प्रदेशात मुलांच्या कानात भाताचा दाणा किंवा डाळ अडकणे नवलाचे नाही. दाणा पाण्याने फुगतो, म्हणून तेथे पिचकारी वापरू नये. जिवंत कीटक शिरला असल्यास तो काढण्यापूर्वी तेलाचे थेंब घालून मारतात. परंतु कर्णपटलास छिद्र असल्यास तेल वर्ज्य असते. मळ धुताना पाणी शरीराच्या तापमानाचे असावे, अन्यथा घेरी येते.

भंडारा पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. घणाच्या अखंड आवाजाने तांबट बहिरे होतात, हे इटालियन वैद्य बेर्नार्दीनो रामात्सीनी यांनी अठराव्या शतकाच्या आरंभीच नमूद केले होते. तुमसर तालुक्यातील चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील मँगॅनिजाच्या खाणींतही छिद्रणयंत्रांचा व सुरुंगांचा आवाज असतो. खाण सुरक्षा महासंचालनालयाने १९७५ मध्ये ८५ डेसिबेल ही इशाऱ्याची व ९० डेसिबेल ही धोक्याची पातळी ठरविली. आवाजाने नष्ट झालेल्या केशकोशिका पुन्हा निर्माण होत नाहीत. म्हणून कर्णरक्षक वापरण्याची सवय लावणे व ठराविक काळाने श्रवणमापन करणे, एवढाच खरा उपाय उरतो.

बालकांच्या बाबतीत विलंब सर्वांत महाग पडतो. ऐकू न येणारे मूल बोलण्यास शिकत नाही व पुष्कळदा मंदबुद्धी समजले जाते. मुंबईत १८८५ मध्ये मूकबधिरांसाठी शाळा निघाली आणि १९८३ मध्ये अली यावर जंग राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. परंतु खेड्यातील मूल तेथवर पोहोचण्यापूर्वी त्याचा दोष कोणाच्या तरी ध्यानात यावा लागतो. महाराष्ट्रात पालघर येथे फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणा व मध्यकर्णशोथ यांचा तपासणीत समावेश आहे. २०११ च्या जनगणनेत भारतात श्रवणदोष असलेल्या ५०,७१,००७ व्यक्तींची नोंद झाली. मात्र एका कानाने कमी ऐकणारी किंवा कान वाहणारी मुले अशा नोंदीतून सहज निसटतात.

रुग्णालयातही बहिरा रुग्ण एकाकी पडतो. परिचारिकेने त्याच्यासमोर उजेडात उभे राहून, ओरडून न बोलता सावकाश व स्पष्ट बोलावे. गरज पडल्यास लिहून दाखवावे व आपले सांगणे त्याला कळल्याची खात्री करून घ्यावी. कानाच्या शस्त्रक्रियेनंतर नाक जोराने शिंकरू न देणे, कानात पाणी जाऊ न देणे व घेरीमुळे पडू नये म्हणून उठताना आधार देणे आवश्यक असते. या उपायांना महागडी साधने लागत नाहीत. त्यांसाठी लागते ती वेळीच विचारपूस करणारी प्रशिक्षित व्यक्ती. गावपातळीवर हे काम मुख्यतः उपकेंद्रातील परिचारिकेकडे येते.