अधिकार जिल्ह्याला, माणसं फडात

आरोग्याचे निर्णय मुंबईत व्हावेत की गावाजवळ? महाराष्ट्राने या प्रश्नाचं उत्तर १९६१ मध्ये कायदा करून दिलं. त्याआधी केंद्राच्या बलवंतराय मेहता समितीचा भर तालुका पातळीवर होता. आपल्याकडच्या वसंतराव नाईक समितीने मात्र जिल्हा हा मुख्य घटक मानला. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या. निजामाच्या राज्यातून सुटून बीडला तेव्हा चौदा वर्षंही झाली नव्हती.

पण अधिकार आले ते वाटून. उपकेंद्रं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रं जिल्हा परिषदेकडे आली. ग्रामीण रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय राज्य सरकारच्या जिल्हा शल्यचिकित्सकांकडे राहिलं. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालय वैद्यकीय शिक्षण विभागाचं. रुग्ण एकच, मालक तीन.

आणि तो रुग्ण जिल्ह्यात असतो तरी कुठे? दसरा-दिवाळीनंतर बीडमधली लाखो माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, खाडा झाला तर पैसे कापले जातात. मग पाळीचं दुखणं, अंगावरून जाणं बायका अंगावर काढतात. गावी परतल्यावर खासगी दवाखाना जवळचा वाटतो, तिथे कॅन्सरची भीती घातली जाते आणि गर्भाशय काढलं जातं.

२०१९ मध्ये हे राज्यभर गाजलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या १३ हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. खासगी दवाखान्यांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली.

नियम गरजेचाच होता. पण तो शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी अडवतो. दुखणं सुरू होतं फडात, दुसऱ्या जिल्ह्यात. तिथे मोळी डोक्यावर, पालाजवळ संडास नाही, आणि तिथल्या आरोग्य केंद्राच्या यादीत हिचं नाव नाही. जिथे तिचं मत आहे, तिथे ती सहा महिने नसते. जिथे ती असते, तिथल्या कुठल्याच सदस्याला तिच्या मताची गरज नसते.

नाईक समितीने निर्णय माणसाजवळ आणायचा म्हणून जिल्हा निवडला. त्यात एक गोष्ट गृहीत होती, की माणूस आपल्या जिल्ह्यात राहतो. बीडच्या बाईसाठी निर्णय जवळ आणायचा, तर तिची आरोग्य नोंद तिच्याबरोबर फडावर गेली पाहिजे आणि कारखान्याच्या जिल्ह्यालाही तिची जबाबदारी घ्यावी लागेल.