कॅमशाफ्ट सेन्सरमधील बिघाड व त्याचे निदान

कॉमन रेल पद्धतीच्या डिझेल इंजिनात कॅमशाफ्टची स्थिती इंजिनाच्या संगणकाला म्हणजे ईसीएमला कळवणारा सेन्सर निकामी झाला, किंवा त्याचा संकेत वाटेत तुटला, तर उद्भवणारा दोष. गॅरेजमध्ये याला नुसते ‘कॅम सेन्सर गेला’ असे म्हणतात. मुंबई-गोवा महामार्गावर पोलादपूर आणि खेड यांच्या दरम्यानच्या कशेडी घाटात हा दोष फार जाचतो. चढावर इंजिन तापले की तो डोके वर काढतो आणि गाडी थंड होऊन गॅरेजपर्यंत पोहोचली की सापडत नाही.

कार्य : चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक होतो. पिस्टन वर आला हे क्रँक सेन्सर सांगतो, पण तो कॉम्प्रेशन संपवून आला की एक्झॉस्ट संपवून, हे त्याला सांगता येत नाही. ती उकल कॅम सेन्सर करतो आणि मगच ईसीएम योग्य सिलिंडरचा इंजेक्टर उघडतो. जुन्या डिझेल गाड्यांत हे काम गिअरवर फिरणारा पंप करी, म्हणून त्यांत हा सेन्सर नसे. भारत स्टेज ४ हे निकष १ एप्रिल २०१७ पासून आणि भारत स्टेज ६ हे १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झाले. त्यानंतर टेम्पो-ट्रकांतही इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन सर्रास झाले आणि पंप-नोझलवर हात बसलेल्या मेकॅनिकला मल्टिमीटर हाती घ्यावा लागला.

लक्षणे : सेल्फ बराच वेळ मारावा लागतो, इंजिन लाईट लागते, पिकअप पडतो, कधी गाडी चालता चालता बंद पडते. सर्व इंजिने सारखी वागत नाहीत. काही क्रँक सेन्सरच्या भरवशावर चालत राहतात, पण एकदा बंद केली की पुन्हा चालू होत नाहीत. काही उशिराने का होईना चालू होतात, तर काही अजिबात दाद देत नाहीत. घाटात इंजिन बंद पडले की पॉवर स्टिअरिंग जड होते. हलक्या वाहनाच्या ब्रेकला साठलेल्या व्हॅक्यूमवर दोन-तीन वेळाच मदत मिळते, म्हणून पेडल वारंवार पंप करू नये. गाडी कडेला घेऊन हँडब्रेक ओढावा, गिअर टाकावा, चाकाला दगड लावावा आणि वळणाच्या अलीकडे त्रिकोण ठेवावा.

निदान : पहिले साधन स्कॅनर. पी ०३४० हा कोड कॅम सेन्सरच्या सर्किटचा, पी ०३४१ म्हणजे संकेत येतो पण अपेक्षेशी जुळत नाही, पी ०३४२ आणि पी ०३४३ म्हणजे संकेत सतत खालच्या किंवा वरच्या पातळीवर अडकला आहे, आणि पी ०३४४ म्हणजे तो मधूनच तुटतो. कोडमुळे कळते ते सर्किट, नादुरुस्त भाग नव्हे. कोड वाचताच सेन्सर बदलण्याची सवय इथेच महागात पडते.

आधी बॅटरी आणि डिझेल तपासावे. सेल्फ मारताना बॅटरी फार बसली किंवा लाईनने एअर धरली, तरी गाडी अशीच लवकर उचलत नाही. सेल्फ मारत असताना स्कॅनरवर फेरे, रेल प्रेशर आणि कॅम-क्रँकचा मेळ हे तिन्ही पाहावे. फेरे शून्य दिसले तर संशय क्रँक सेन्सरवर, फेरे दिसून रेल प्रेशर चढत नसेल तर इंधनावर. रेल प्रेशर चढते, फेरे दिसतात आणि मेळ मात्र बसत नाही, तेव्हा कॅमकडे वळावे. जुन्या सवयीने हायप्रेशर पाईपचा नट सैल करून सेल्फ कधीही मारू नये. इथला दाब शेकडो बारचा असतो आणि ती धार कातडी भेदून आत शिरते.

मग कपलर काढावा. बहुतेक कॅम सेन्सर हॉल जातीचे, तीन वायरींचे असतात. चावी चालू ठेवून एका पिनवर ५ व्होल्ट (काही गाड्यांत १२), दुसरीवर चांगला अर्थ आणि तिसरीवर ईसीएमकडून येणारा संकेताचा व्होल्टेज मिळायला हवा. हे नसेल तर दोष सेन्सरचा नाही. सर्व असेल तर कपलर परत लावून, वायरच्या मागून प्रोब घालून, चावी चालू असताना इंजिन पान्याने हळूहळू फिरवावे. काटा ० आणि ५ व्होल्टच्या दरम्यान उड्या मारत राहिला तर सेन्सर जिवंत आहे. तीन वायरींच्या सेन्सरचा ओहम मोजून काहीच कळत नाही, ती चाचणी दोन वायरींच्या चुंबकीय सेन्सरची.

कोकणात दोष बऱ्याचदा कपलरमध्येच निघतो. पिनेवर हिरवट बुरशीसारखा थर, सील फाटलेले, आत पाणी किंवा ऑइल, इंजिनाच्या कडेला घासून उघडी पडलेली किंवा उंदराने कुरतडलेली वायर. २२ जुलै २०२१ रोजी सावित्रीच्या पुराने महाड शहर बुडाले. अशा पुरात सापडलेल्या गाडीत हा गंज पुढे कैक महिन्यांनी त्रास देतो, म्हणून जुनी गाडी घेताना कपलर उघडून पाहावेत. वायर हलवताना संकेत तुटला तर बिघाड तिथेच. थंड असताना सर्व ठीक दिसले, तर सेन्सरला गरम हवा देऊन पुन्हा मोजावे.

सेन्सर आणि वायर निर्दोष असूनही पी ०३४१ किंवा पी ००१६ परत आला, तर टायमिंग चेन ताणली आहे किंवा बेल्टचा दाता सरकला आहे असे समजावे. ऑसिलोस्कोपवर क्रँक आणि कॅमचे आलेख एकत्र पाहिले की हे लगेच कळते. अशा गाडीत नवा सेन्सर घालणे व्यर्थ, शिवाय चेन तुटली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात.

दुरुस्तीनंतर कोड पुसून, इंजिन पूर्ण तापेपर्यंत चढावर चालवून, पुन्हा बंद-चालू करून स्कॅनर लावावा. गॅरेजात थंड गाडी एकदा चालू झाली, एवढ्यावर हा दोष गेला असे धरता येत नाही.