अनावश्यक प्रोग्राम (घरगुती संगणकातील)

अनावश्यक प्रोग्राम : वापरणाऱ्याच्या कामाचे नसलेले, तरीही संगणकात राहून त्याची मेमरी, प्रोसेसर किंवा डिस्क खाणारे प्रोग्राम. संगणक संथ झाला की ते काढून टाकणे हा सर्वांत जुना आणि बिनखर्ची उपाय मानला जातो. उपाय खरा आहे, पण तो लागू पडण्याचे कारण बहुतेकांना वाटते ते नसते. डिस्कवर नुसता पडून राहिलेला प्रोग्राम संगणकाला संथ करत नाही. पाच वर्षे न उघडलेला बुद्धिबळाचा खेळ जागा अडवतो, वेग अडवत नाही. डिस्क काठोकाठ भरली असेल तेवढाच अपवाद. वेग खातात ते न सांगता सुरू होणारे आणि घड्याळाशेजारच्या चिन्हांच्या ओळीत बसून राहणारे प्रोग्राम. म्हणून काय काढायचे हे आकारावरून ठरवू नये, ते चालू असते की नाही यावरून ठरवावे. ही नोंद मुख्यतः विंडोजवरच्या संगणकांविषयी आहे.

संगणक सुरू होताना असे सगळे प्रोग्राम एकाच वेळी डिस्ककडे धाव घेतात. जुन्या लॅपटॉपमधली हार्ड डिस्क मिनिटाला ५,४०० फेरे घेते आणि दर वाचनासाठी तिचा दांडा जागचा हलावा लागतो. विखुरलेली माहिती वाचायची तर सेकंदाला शंभराच्या आसपास वाचनांवर ती दमते. मेमरी ४ जीबी असेल तर ती लवकर भरते, मग विंडोज मेमरीतला मजकूर डिस्कवर उतरवू लागते आणि आधीच दमलेल्या डिस्कवर दुसरे ओझे पडते. ‘हँग झाला’ म्हणतात ती अवस्था बहुधा हीच. एसएसडीत हलणारा दांडाच नसल्यामुळे तीच गर्दी तिथे सहज निभावते.

असे प्रोग्राम घरात शिरण्याची पहिली वाट म्हणजे संगणक बनवणारी कंपनी. संगणकावरचा नफा तुटपुंजा, त्यामुळे चाचणी मुदतीचे अँटिव्हायरस, खेळ आणि जाहिरातीचे प्रोग्राम आधीच भरून देण्याचे पैसे कंपन्या घेत आल्या. २००८ साली सोनीने आपल्या काही वायो लॅपटॉपवर असे प्रोग्राम न भरण्यासाठी सुमारे ५० डॉलर आकारण्याचा पर्याय ठेवला. कचरा न टाकण्याचेही पैसे, अशी ओरड झाल्यावर कंपनीने लगेच शुल्क रद्द केले. लेनोवोचे प्रकरण याहून गंभीर होते. २०१५च्या फेब्रुवारीत उघड झाले, की तिच्या काही लॅपटॉपमध्ये सुपरफिश नावाचा जाहिरात दाखवणारा प्रोग्राम आहे आणि सुरक्षित संकेतस्थळांच्या पानांतही घुसता यावे म्हणून त्याने स्वतःचे मूळ प्रमाणपत्र बसवले आहे. प्रत्येक लॅपटॉपवर त्या प्रमाणपत्राची गुप्त किल्ली एकच होती, त्यामुळे ती हाती लागलेला कोणीही बँकेचे खोटे पान खरे म्हणून दाखवू शकला असता. नुसता प्रोग्राम काढून भागत नव्हते, प्रमाणपत्र वेगळे काढावे लागत होते. अनावश्यक म्हणजे निरुपद्रवी, हा समज या प्रकरणाने मोडला.

दुसरी वाट फुकट प्रोग्रामच्या शेपटाला बांधून येणाऱ्यांची. जावा बसवताना आधीच टिक केलेल्या चौकटीतून आस्क टूलबार किती घरांत शिरला असेल याची गणती नाही. तिसरी वाट काळाची. अ‍ॅडोबीने फ्लॅश प्लेअर ३१ डिसेंबर २०२० रोजी बंद केला आणि तो काढून टाका असे स्वतःच सांगितले, तरी जुन्या संगणकांत तो अजून सापडतो.

शोध टास्क मॅनेजरपासून सुरू करावा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबल्या की तो उघडतो. विंडोज ८पासून (२०१२) त्यात स्टार्टअपचे पान आहे. तिथे प्रत्येक प्रोग्रामसमोर त्याचा भार हाय, मीडियम किंवा लो असा लिहिलेला असतो. सुरू होताना प्रोसेसरचा एका सेकंदाहून जास्त वेळ किंवा डिस्कचे ३ एमबीहून जास्त वाचन-लेखन घेणारा प्रोग्राम ‘हाय’ ठरतो. या पानावर डिसेबल केले की प्रोग्राम जागेवरच राहतो, फक्त आपोआप सुरू होत नाही. आठवडाभर कशाचेच अडले नाही, तर मग तो अनइन्स्टॉल करावा. हा क्रम उलटा करणारेच पुढे प्रिंटर का चालत नाही म्हणून दुकान गाठतात.

हे पान मात्र सगळे दाखवत नाही. प्रोग्राम सेवा म्हणून किंवा टास्क शेड्यूलरमधूनही सुरू होतात. त्या सर्व जागा एकत्र पाहायच्या तर ऑटोरन्स हे साधन आहे. मार्क रसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांच्या सिसइंटर्नल्सचे हे साधन २००६पासून मायक्रोसॉफ्टकडे आहे आणि फुकट मिळते. जाणकाराने वापरावे असेच ते आहे, कारण विंडोजचे स्वतःचे भागही त्यात दिसतात.

बसवलेल्या प्रोग्रामची यादी सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्सखाली असते. ती आकाराऐवजी तारखेप्रमाणे लावून पाहावी. एखाद्या दिवशी आपण व्हिडिओ कन्व्हर्टर बसवलेला असतो आणि त्याच तारखेला आणखी दोन-तीन अनोळखी नावे दिसतात. शेपटाला बांधून आलेली मंडळी अशी एका ओळीत पकडली जातात. प्रोग्राम फाइल्समधला फोल्डर थेट डिलीट करणे हा प्रोग्राम काढण्याचा मार्ग नव्हे. त्याच्या नोंदी मागे राहतात आणि दर वेळी फाइल सापडत नसल्याची तक्रार पडद्यावर येते. दोन अँटिव्हायरस असतील तर एक काढावाच, कारण प्रत्येक फाइल उघडताना दोघेही ती तपासतात. विंडोज १० किंवा ११वरून बाहेरचा अँटिव्हायरस काढला की विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आपोआप जागा होतो. मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी प्लस प्लस या नावाच्या सात-आठ नोंदी एकाखाली एक पाहून हात शिवशिवतो, पण त्यांना हात लावू नये. निरनिराळे प्रोग्राम त्यांच्या निरनिराळ्या आवृत्त्यांवर उभे असतात.

मराठी घरांतल्या आणि डीटीपीच्या दुकानांतल्या जुन्या संगणकांवर आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी आणि सी-डॅकचे आयएसएम यांची आता टंकनासाठी गरज उरलेली नाही. विंडोज २०००पासून मराठी कीबोर्ड आणि र. कृ. जोशी यांनी घडवलेला मंगल फॉन्ट विंडोजमध्येच आहे. पण युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेले मजकूर त्या फॉन्टवरच वाचता येतात. फॉन्ट गेला की लग्नपत्रिका, सोसायटीचे इतिवृत्त, वडिलांचे आत्मचरित्र यांच्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. मजकूर नष्ट झालेला नसतो, पण घरात कोणालाच ते माहीत नसते. म्हणून आधी अशा फाइली युनिकोडमध्ये आणाव्यात किंवा पीडीएफ करून ठेवाव्यात आणि फॉन्टच्या फाइली जपाव्यात. मग टंकनाचा प्रोग्राम खुशाल काढावा.

सफाईचे म्हणून विकले जाणारे प्रोग्राम हा या विषयातला सर्वांत संशयास्पद भाग. रजिस्ट्री (विंडोजची अंतर्गत नोंदवही) साफ करून वेग वाढतो या दाव्यात दम नाही, आणि चुकीची नोंद पुसली तर विंडोज पुन्हा बसवण्याची पाळी येऊ शकते. २०१७ साली प्रसिद्ध सीक्लीनरच्या ५.३३ या आवृत्तीतच हल्लेखोरांनी घातक कोड घुसवला आणि कंपनीच्या म्हणण्यानुसार ती सुमारे २२.७ लाख संगणकांवर पोहोचली. अमेरिकेत ऑफिस डेपोच्या दुकानांत संगणकाची फुकट तपासणी होई. संगणक संथ झाला आहे का, अशा चार प्रश्नांपैकी एकाही चौकटीवर खूण केली, की तपासणीत काहीही निघो, घातक प्रोग्रामची लक्षणे दिसत असल्याचा निकाल ठरलेला. मग दुरुस्तीचे बिल. फेडरल ट्रेड कमिशनशी २०१९मध्ये झालेल्या तडजोडीत ऑफिस डेपोने २.५ कोटी आणि सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या सपोर्ट डॉट कॉमने १ कोटी डॉलर भरले.

दुकानदार सुचवतो तो ‘फॉरमॅट मारून घ्या’ हा उपाय सफाईचेच टोकाचे रूप. कंपनीच्या रिकव्हरी पार्टिशनवरून तो केला, तर कारखान्यात भरलेले सगळे प्रोग्राम परत येतात. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून उतरवलेल्या कोऱ्या विंडोजने केला, तर येत नाहीत. एवढे करूनही टास्क मॅनेजरमध्ये डिस्क सतत १०० टक्क्यांवर दिसत असेल, तर दोष प्रोग्रामचा नसून बहुधा डिस्कचा असतो. आधी फोटो आणि कागदपत्रांची प्रत बाहेर काढावी, मग हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवावी.