फळे फुकट, साखर महाग

वैशाखात स्वयंपाकघरात कैऱ्यांचा ढीग पडला, की घरातली वडीलधारी बाई आधी साखरेचा डबा उघडून पाहते. साखरांबा घालायचा तर कैरीइतकी, कधी तिच्या दीडपटसुद्धा साखर हवी. इंग्लंडातल्या गृहिणीचेही तसेच आहे. तिकडे जून-जुलै आला, की परसातल्या स्ट्रॉबेरी, रासबेरी, गूझबेरी अशा फळांना एकदमच बहर येतो. खाऊन झाली, शेजारीपाजारी वाटून झाली, तरी टोपल्या उरतातच. आणि ही नाजूक फळे दोन-तीन दिवसांत बुरशी धरतात. तेव्हा जॅम करून ठेवणे हाच जुना तोडगा.

कृती अगदी साधी. फळे मऊ शिजवायची, त्यांच्या वजनाइतकी साखर त्यांत विरघळवायची आणि मोठ्या आचेवर खळखळ उकळायचे. आपण दोन बोटांत पाकाची तार पाहतो. तिथली बाई गार बशीवर थेंब टाकून तो बोटाने ढकलते. त्यावर सुरकुती पडली, की जॅम झाला. फळातले पेक्टिन, आंबटपणा आणि साखर या तिघांचे जमले, की तो घट्ट होतो. स्ट्रॉबेरीत पेक्टिन कमी, म्हणून तिच्यात लिंबू पिळतात.

फळे परसातली, म्हणजे जवळजवळ फुकटची. प्रश्न असे तो साखरेचा. युरोपात कित्येक शतके साखर ही श्रीमंतांची आणि वैद्यांची वस्तू होती. भविष्यवेत्ता म्हणून गाजलेला नोस्त्रादामुस पेशाने वैद्यच. १५५५ साली त्याची भविष्ये प्रथम छापली गेली आणि त्याच वर्षी फळे साखरेत मुरवण्याच्या कृतींचे त्याचे पुस्तकही निघाले! पुढे कॅरिबियन बेटांवरच्या मळ्यांतून साखर येऊ लागली; पण ती आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांच्या घामाची होती. ब्रिटिश साम्राज्यातली गुलामगिरी बंद करणारा कायदा झाला तो १८३३ साली. १८७४ साली ब्रिटनने साखरेवरचा आयातकर उठवला. साखर स्वस्त झाली, जॅमचे कारखाने निघाले आणि गिरणीकामगाराच्या पोरांच्या पावावर लोण्याऐवजी जॅम आला.

मग दुसरे महायुद्ध आले. बाहेरून साखर आणणारी जहाजे जर्मन पाणबुड्या बुडवू लागल्या. ८ जानेवारी १९४० पासून ब्रिटनमध्ये साखरेवर रेशन बसले. आणि नेमक्या त्याच उन्हाळ्यात फळे उदंड आली! देशात अन्नाची चणचण आणि झाडाखाली फळांचा सडा, असा विचित्र प्रसंग.

तेव्हा पुढे सरसावल्या खेड्यांतल्या बायका. विमेन्स इन्स्टिट्यूट ही त्यांची संस्था. तिचा जन्म १८९७ साली कॅनडात झाला आणि १९१५ साली ती ब्रिटनमध्ये आली. सरकारने या संस्थेला जॅमसाठी वेगळी साखर दिली. गावच्या सभागृहांत, शाळांत, शेतघरांच्या स्वयंपाकघरांत चुली पेटल्या. कुणी फळे वेचली, कुणी निवडली, कुणी बरण्या धुतल्या. १९४० ते १९४५ या काळात या बायकांनी ५,३०० टनांहून अधिक फळे वाया जाऊ दिली नाहीत.

पण या साखरेचा चमचा न् चमचा हिशेबाचा होता. मार्च १९४१ मध्ये जॅमवरही रेशन आले. केंद्रात झालेला जॅम दुकानांत जाई. दिवसभर पातेल्यापुढे घामाघूम झालेल्या बाईला आपल्याच हातचा जॅम मुलांना द्यायचा असला, तर तोही चारचौघांसारखा रेशनमधूनच विकत घ्यावा लागे. फळे गावची, कष्ट तिचे. पण साखर साऱ्या देशाची, म्हणून बरणीही देशाची. युद्ध १९४५ साली संपले, तरी ब्रिटनमध्ये साखरेचे रेशन उठायला सप्टेंबर १९५३ उजाडला.

आपल्याकडच्या आजींना हे वेगळे समजावून सांगायला नको. दिवाळीची जादा साखर मिळावी म्हणून हातात कार्ड आणि पिशवी घेऊन त्याही रेशनच्या रांगेत उभ्या राहिल्या आहेत. त्या साखरेत आधी करंज्या होत, मग शंकरपाळे. आणि उरलीच, तर चार चमचे वैशाखातल्या साखरांब्यासाठी बाजूला पडत.