टीप आणि बलुतं

१९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा झाला. मालवण-तारकर्लीला पाहुण्यांची रीघ लागली. हॉटेलातल्या पोराला दोन पैसे जास्त सुटले, ते चांगलंच. पण वरखुशीची टीप हळूहळू हिशोबात शिरते. मालक म्हणतो, पगार एवढाच, वर टीप मिळते की!

दोस्तांनो, हे बोलणं आपल्या बापजाद्यांनी ऐकलंय. महारानं सरकारचं काम करायचं, अन् पोट रयतेच्या बलुत्यावर. रयतेची मर्जी असली तर सुपात दाणे. मान वर केली की बलुतं बंद.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात वतन बिल आणलं. बलुत्याच्या जागी रोख पैसा, तोही सरकारनं वसूल करून द्यायचा, ही त्यातली मागणी. बिल पास झालं नाही. वतन मोडायला १९५८ चा कायदा यावा लागला.

तिकडं अमेरिकेतही हेच. गुलामी सुटली, तरी पुलमन कंपनीनं रेल्वेच्या झोपायच्या डब्यांत काळी माणसं तुटपुंज्या पगारावर राबवली. बाकी पोट टिपेवर. १९२५ साली रँडॉल्फच्या पुढारपणाखाली त्यांनी युनियन बांधली. बारा वर्षं झगडून १९३७ साली कंपनीशी करार केला, पगार वाढवून घेतला.

टीप घेणाऱ्याला मी नावं ठेवत नाही. पण टीप पाहुण्याची मर्जी आहे, पगार आपला हक्क आहे. मालकाला आधी पगार विचारा. एकट्यानं नको, दहाजण मिळून विचारा.