जरा थांबा, खात्री करतो

आमच्या वर्गातील एका मुलीने मध्यंतरी विचारले, "गुरुजी, टीव्हीवर बातम्या सांगायच्या तर किती शिकावं लागतं?" मी स्वतः मॅट्रिकपाशी थांबलेला माणूस, दोनचार कादंबऱ्या नावावर आहेत म्हणून लोक मला विद्वान समजतात, एवढेच. साहजिकच मला वॉल्टर क्रॉन्काइट आठवला. हा अमेरिकन गृहस्थही १९३५ साली टेक्सास विद्यापीठातून पदवी न घेताच बाहेर पडला होता.

त्याची खरी शाळा म्हणजे कॅन्सस सिटीतील एक रेडिओ केंद्र. तेथे तो 'वॉल्टर विल्कॉक्स' या टोपणनावाने बोलत असे. एके दिवशी कार्यक्रमांचे व्यवस्थापक धावत आले. गावात भयंकर आग लागली आहे, बंबवाले दगावले आहेत, ताबडतोब सांगून टाक! बातमी कोणाकडून आली? तर व्यवस्थापकांच्या पत्नीकडून, फोनवर. क्रॉन्काइटने अग्निशामक दलाला विचारण्यासाठी फोन उचलला. घरच्या मंडळींच्या शब्दावर एवढा अविश्वास त्या गृहस्थांना कसा सोसावा? त्यांनी स्वतःच ध्वनिक्षेपकापुढे बसून बातमी दिली. आग किरकोळ निघाली, मेले कोणीच नव्हते. नोकरी मात्र गेली ती क्रॉन्काइटची!

पुढे तो युनायटेड प्रेस या वृत्तसंस्थेत गेला. महायुद्धात, फेब्रुवारी १९४३ मध्ये, जर्मनीतील विल्हेल्म्सहाफेनवर बाँब टाकायला निघालेल्या विमानांबरोबर काही बातमीदार गेले. त्यांत हा होता. त्यांतला एक परत आला नाही. नंतर न्यूरेंबर्गचे खटले झाले, मॉस्कोचा मुक्काम झाला, आणि १९५० साली एडवर्ड मरो यांनी त्याला सी.बी.एस.मध्ये आणले. १९६२ च्या एप्रिलमध्ये सायंकाळच्या बातम्यांची खुर्ची मिळाली; १९८१ पर्यंत ती त्याचीच होती. बातमीपत्र तेव्हा पाव तासाचे. २ सप्टेंबर १९६३ ला ते अर्ध्या तासाचे झाले, आणि त्या पहिल्याच दिवशी त्याच्यासमोर मुलाखतीला बसले होते राष्ट्राध्यक्ष केनेडी.

त्यानंतर तीन महिनेही झाले नव्हते. २२ नोव्हेंबर. डॅलसमध्ये केनेडींवर गोळ्या झाडल्याची बातमी न्यूयॉर्कला आली. त्या काळी कॅमेरा तापायला बराच वेळ लागे. म्हणून दुपारी १ वाजून ४० मिनिटांनी पडद्यावर नुसती पाटी आणि मागून क्रॉन्काइटचा आवाज. दोनच्या सुमारास तो दिसू लागला. डॅलसहून एकामागून एक निरोप येत होते: राष्ट्राध्यक्ष गेले. एक निरोप तर त्याच्याच संस्थेच्या बातमीदाराचा. हा प्रत्येक निरोप वाची, आणि लगेच बजावी की याला अजून दुजोरा नाही. त्या खुर्चीत हे किती अवघड असेल, याची कल्पना करून पाहा. २ वाजून ३८ मिनिटांनी हातात कागद आला. त्याने चष्मा लावला, वाचले, चष्मा काढला, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले, आणि केनेडी अडतीस मिनिटांपूर्वी वारल्याचे सांगितले. मग आवंढा गिळला. बस्स, एवढाच शोक.

काही तासांनी तो खुर्चीवरून उठला, तेव्हा फोन वाजत होता. त्यानेच उचलला. पलीकडे एक बाई संतापलेल्या: केनेडींचा द्वेष करणाऱ्या त्या क्रॉन्काइटला आज नक्राश्रू ढाळायला बसवलेच कसे? मीच तो क्रॉन्काइट, असे सांगून, आणि बाईंना अस्सल अमेरिकन शिवी हासडून, त्याने फोन आपटला.