छोट्या पिस्तुलाची मॅगझिन बेसप्लेट : करंगळीला जागा कशी मिळते आणि निवडताना काय पाहायचं?

मागच्या उन्हाळ्यात कंधारला घरी गेलो होतो, तेव्हा चुलत भावाने मोबाईलवर एक रील दाखवली. छोट्या पिस्तुलाच्या मॅगझिनला खालून एक प्लास्टिकचा तुकडा लावला की पकड एकदम पक्की होते, असं त्यात होतं. "दादा, पप्पाच्या पिस्तुलाला हे बसंल का? तुझ्या हापिसात थ्रीडी प्रिंटर हाय ना?" काका माजी सैनिक आहेत. त्यांच्याकडे परवान्याचं .३२ बोअरचं पिस्तूल आहे, आणि ते धरलं की त्यांची करंगळी खाली लोंबते, हे खरंच आहे. मी सॉफ्टवेअरवाला असलो तरी डिग्री इंजिनिअरिंगची, म्हणून विषय नीट समजून घेतला. तोच आज सोप्या भाषेत.

बेसप्लेट म्हणजे काय?

मॅगझिन म्हणजे काडतुसं ठेवायची डबी. ती पिस्तुलाच्या मुठीत खालून सरकवतात. आत स्प्रिंग असते, ती काडतुसं वर ढकलते. या डबीचं खालचं झाकण म्हणजे बेसप्लेट. स्प्रिंग सतत दाबलेली असल्याने तिचा जोर कायम या झाकणावर असतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

करंगळी एवढी महत्त्वाची का?

लपवून बाळगायचं पिस्तूल मुद्दाम आखूड मुठीचं करतात, कारण कपड्याखालून सगळ्यात आधी मूठच दिसते. तर्जनी ट्रिगरसाठी राखीव. मग मुठीवर मधलं बोट आणि अनामिका एवढीच उरतात.

आता थोडा हिशोब. .३२ ची गोळी साधारण ४.६ ग्रॅमची आणि वेग सेकंदाला सुमारे २७५ मीटर. पिस्तूल ७०० ग्रॅमचं धरलं, तर गॅसचा वाटा सोडूनही ते सेकंदाला जवळपास १.८ मीटर वेगाने मागे येऊ पाहतं. नळी हाताच्या वर असते, म्हणून झटक्याने तोंड वर उचलतं आणि मुठीचं खालचं टोक पुढे जायला बघतं. त्याला अडवणारं सगळ्यात खालचं बोट म्हणजे करंगळी. विहिरीवरच्या रहाटाचा दांडा टोकाला धरला की कमी जोर लागतो, तसंच हे. करंगळी नाजूक असली तरी तिची जागा मोक्याची आहे.

ही कल्पना नवी नाही. १९३१ सालच्या जर्मन वॉल्थर पीपीके पिस्तुलाच्या मॅगझिनला खाली बोट टेकवायचा वळलेला तुकडा मिळायचा. आजच्या सिग पी३६५ सोबतही सपाट आणि लांब अशा दोन्ही प्रकारच्या बेसप्लेट मिळतात.

मुख्य प्रकार

१. सपाट : मुठीच्या बरोबरीत संपते. लपवायला उत्तम, पकडीला कमी.
२. करंगळी-टेक : पुढच्या बाजूला छोटं वळण असतं. काडतुसं वाढत नाहीत, फक्त बोटाला जागा मिळते.
३. क्षमता वाढवणारी : एक-दोन काडतुसं जास्त बसतात. हिला बऱ्याचदा वेगळी स्प्रिंग लागते. जुनीच ठेवली तर शेवटची काडतुसं नीट वर येत नाहीत आणि पिस्तूल अडकतं.
४. जाड पॅडची : मॅगझिन जोरात बसवायला आणि खाली पडल्यावर धक्का सोसायला.

निवडताना काय पाहायचं?

पहिलं, बेसप्लेट त्याच मॉडेलच्या मॅगझिनसाठी बनलेली हवी. "जवळपास बसते" हे चालत नाही. दुसरं, ती आणि मुठीची कड यात फट राहिली तर मॅगझिन बसवताना तळहाताची कातडी चिमटते. तिसरं, आतलं लॉक पक्कं हवं. झटक्याने झाकण सरकलं तर स्प्रिंग आणि काडतुसं जमिनीवर येतात. चौथं, लांबी. करंगळी अर्धी टेकली तरी बराच फरक पडतो. त्याहून लांब झाली की छोटं पिस्तूल घेण्याचा हेतूच संपला.

आणि एक नियम कधीच विसरू नका : मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं असं नाही. चेंबरमध्ये एक काडतूस राहू शकतं.

मग थ्रीडी प्रिंट का नको?

तांत्रिक कारण आधी. स्वस्त प्रिंटरमध्ये सर्रास वापरलं जाणारं पीएलए प्लास्टिक साधारण ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. मे महिन्यात आपल्याकडे उन्हात उभी केलेली गाडी आठवा. त्यात ठेवलेलं झाकण स्प्रिंगच्या सततच्या जोराने वाकणारच. शिवाय प्रिंटचे थर एकमेकांपासून सुटतात.

दुसरं कारण कायद्याचं. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये 'शस्त्र' या व्याख्येत शस्त्रांचे भागही येतात, आणि निर्मिती, विक्री, दुरुस्ती यासाठी परवाना लागतो. म्हणजे शस्त्र बाळगायचा परवाना काकांकडे असला, तरी भाग बनवायचा परवाना माझ्याकडे नाही. भारतात सामान्य नागरिकाला ९ एमएम मिळत नाही, ते प्रतिबंधित बोअर आहे. म्हणून ईशापूरच्या कारखान्यातलं 'अशनी'सारखं .३२ पिस्तूल लोक घेतात. रीलमधले बहुतेक सुटे भाग अमेरिकन ९ एमएम पिस्तुलांचे असतात. ते इथे बसतही नाहीत.

खेळाचं पिस्तूल वेगळं

कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण मिळवलं. या खेळात पिस्तूल एकाच हाताने धरतात आणि ते ३०० × १५० × ५० मिलिमीटरच्या पेटीत मावावं लागतं. तिथे लपवायचा प्रश्नच नसतो. त्यामुळे मूठ खेळाडूच्या हाताच्या मापाने घडवता येते आणि करंगळीला पूर्ण जागा मिळते. नेमबाजीची आवड असेल तर क्लबमध्ये १० मीटर एअर पिस्तूलपासून सुरुवात करा. पकड तिथेच खरी शिकता येते.

शेवटी काय केलं?

काकांना घेऊन नांदेडच्या परवानाधारक दुकानदाराकडे गेलो. त्याने मॅगझिन पाहिलं आणि सांगितलं, कंपनीचाच लांब तुकडा मिळाला तर लावा, नाहीतर आहे तसं राहू द्या. तो काही मिळाला नाही. मग त्याने करंगळी मॅगझिनच्या खाली दुमडून टेकवायला शिकवलं. त्यात पूर्ण जोर येत नाही, पण बोट लोंबत नाही. खर्च शून्य.

भाऊ जरा हिरमुसला. परत येताना गाडीत काका म्हणाले, "करंगळीपायी लायसन घालवू का? ते मिळवायला किती खेटे घातले, मलाच ठाऊक."

तुमच्या घरी परवान्याचं शस्त्र असेल तर त्याचा फोटो स्टेटसला टाकू नका आणि रील पाहून त्यात बदल करू नका. आधी दुकानदाराला विचारा. प्रिंटर मोबाईल स्टँडसाठी ठेवा. भावाला मी तोच करून दिला.